झटका मशीनचे १०,००० व्होल्ट की घरची २३० ची लाईन?

दादा, तुम्ही विचारलंय की झटका मशीनवर (कुंपणाच्या तारेत थांबून थांबून विजेचा झटका सोडणारं यंत्र) १०,००० व्होल्ट लिहिलेलं असतं आणि घरात तर २३०च, मग रानडुकरांसाठी कुंपणाला घरचीच लाईन जोडली तर माणसाला धोका कमीच ना. नाही हो, एकदम उलटं आहे, आणि या गैरसमजात माणसं गेलीत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोटर रिवाइंडिंगसोबत पंधरा वर्षं ही मशीन दुरुस्त करतोय. व्होल्ट म्हणजे नुसता दाब. जीव जातो की राहतो हे अंगातून करंट किती गेला, किती वेळ गेला आणि छातीतून गेला का यावर ठरतं. चांगल्या मशीनचा झटका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही छोटा असतो आणि मग जवळपास सेकंदभर तार मेलेली, तेवढ्यात हात सुटतो. घरची लाईन सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते, थांबतच नाही. १०-१५ मिलिअँपिअरच्या वर गेलं की बोटं आपोआप आवळतात, आपण म्हणतो ना करंटने चिकटवून घेतलं, ते हेच. त्यात चिखल, अनवाणी पाय, घामेजलेला हात, म्हणजे अंगाचा रेझिस्टन्स (करंटला होणारा विरोध) हजार ओहमच्या आसपास, २३० भागिले हजार करून बघा, ०.२३ अँपिअर, म्हणजेच २३० मिलिअँपिअर. छातीतून ५०-१०० मिलिअँपिअर काही सेकंद गेला तरी हृदय नुसतं थरथरायला लागतं, रक्त पुढे ढकलत नाही, आणि काही मिनिटांत सगळं संपतं.

पण मशीन म्हणजे खेळणं नाही हेही सांगतो. बघायचे ते ज्यूल, म्हणजे एका झटक्यात किती ऊर्जा आहे ते. आंतरराष्ट्रीय मानकात ५०० ओहमच्या लोडवर एका झटक्याला ५ ज्यूलची मर्यादा आहे. जुन्या बाईकची इग्निशन कॉइल (ठिणगी पाडणारी) आणि रिले (करंट आपोआप चालू-बंद करणारा स्विच) लावून घरी बनवलेली मशीन येतात ना माझ्याकडे, त्यांची मला खरी भीती वाटते, रिले चिकटला की मधला तो सेकंद गेला, झटके सलग. एकाच तारेला दोन मशीन जोडली तरी तेच होतं. काटेरी तारेत तर झटका सोडूच नका, अडकलेल्या माणसाला सुटताच येत नाही, तो एकामागून एक झटके खात राहतो. तार डोक्याला किंवा मानेला लागेल अशी नको, लहान मुलं आणि पेसमेकरवाले लांबच बरे.

अजून एक, बंद केलेलं मशीन लगेच उघडू नका. आत वीज साठवणारा ४० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५०० व्होल्टला भरलेला असला की ५ ज्यूल आतच बसलेले असतात. मला एकदा असा बसलाय, हात मागे उडून कोपर भिंतीवर आपटलं, खांदा आठवडाभर दुखला. शिडीवर असतो तर खालीच आलो असतो.

कुंपणाला कोणी चिकटलेला दिसला तर आधी मेन स्विच बंद, तोवर त्याला हात लावू नका. श्वास नसेल तर १०८ ला फोन करा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १००-१२० वेळा जोरात दाबत राहा. थेट लाईनचा शॉक बसलेला माणूस उठून चालू लागला तरी ईसीजी काढून घ्या, आतलं भाजलेलं वरून दिसत नाही.

तुमची लाईन आत्ता जोडलेली असेल तर रात्र व्हायच्या आत काढा दादा, पहाटे पाणी द्यायला कोण कुठल्या बांधावरून येईल सांगता येत नाही.