क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट होते का?

हो, होते. आमच्या सांगलीकडं त्यांचं नाव काढलं की लोक प्रतिसरकारवर, म्हणजे इंग्रजांना न जुमानता चालवलेल्या समांतर सरकारवर, लोकांच्या तोंडच्या 'पत्री सरकार'वर थांबतात. पुढचं फार कुणी सांगत नाही.

जन्म 1900 चा, गाव वाळवा तालुक्यातलं येडेमच्छिंद्र. तलाठ्याची नोकरी 1930 साली सोडली आणि चळवळीत उतरले. 1942 ते 46 भूमिगत. त्या काळात तुफान सेना, म्हणजे प्रतिसरकारचं लढाऊ दल, उभी राहिली, गावोगावी न्यायदान मंडळं भांडणं मिटवायची. कर्ज काढून लग्न करू नका, हा त्यांचा हट्ट. म्हणून हार घालून उरकलेली 'गांधी लग्नं' लागली. सत्यशोधकी संस्कार त्यात स्पष्ट दिसतो.

स्वातंत्र्यानंतर शेतकरी कामगार पक्ष, मग कम्युनिस्ट पक्ष. 1957 ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत साताऱ्यातून खासदार, 1967 ला थेट बीडमधून.

माझ्या मते ते पोथीतून मार्क्सवादी झालेच नाहीत. सावकार आणि कर्जात बुडालेला कुणबी त्यांनी तलाठी असतानाच पाहिला होता. भाषणंही तसलीच, गावरान, बांधावर बसून बोलल्यासारखी.

1976 च्या 6 डिसेंबरला गेले. अंत्यसंस्कार त्यांच्या इच्छेप्रमाणं वाळव्यात झाले.