ओवी वाद्यांच्या साथीविना गाणाऱ्या कॉयरसाठी (समूहगायनासाठी) बांधताना

चाल सुचण्याआधी पसायदान मोठ्याने वाच, चारपाच जणांकडून वाचून घे. ‘भूतां परस्परें पडो । मैत्र जीवाचें’ म्हणताना सगळे कुठे थांबतात, ते ऐक. ओवीच्या पहिल्या तीन चरणांत यमक असतं, चौथा चरण आखूड असतो. तो आखूडच राहू दे. मात्रा भरायला ‘जीवाचें’ ताणलंस, तर ज्ञानेश्वरांनी सोडलेली मोकळी जागा बुजते. मला हे फार खुपतं.

चार आवाजांना एकाच वेळी चार वेगळे शब्द देऊ नकोस. विचार सांगणारी ओळ आधी सगळ्यांनी एका लयीत म्हणावी, गुंफण नंतर. लांब सूर ‘ळ’वर नको, ‘खळांची’त ‘ळां’च्या आकारावर थांब. खर्जात, म्हणजे खालच्या सप्तकात, गंधार (ग) गढूळ होतो. बेसना, म्हणजे सगळ्यांत खालच्या आवाजांना, षड्ज-पंचम (सा-प) दे, गंधार वरच्या आवाजांत ठेव.

आता सुराबद्दल. आपल्या नौपाड्यातल्या तालमीला येणारे बहुतेक जण पेटीवर शिकलेत. पेटीचा गंधार तानपुऱ्याशी जुळणाऱ्या नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (पेटीवरच्या लगतच्या दोन सुरांत १०० सेंटचं अंतर असतं). साथ नसताना तो फरक कानाला टोचतो. म्हणून पेटी बंद, तानपुऱ्यावर तालीम घे. मग मध्येच तानपुरा थांबव, कडवं संपल्यावर पुन्हा लाव. सगळ्यांची पट्टी, म्हणजे सुराची उंची, किती उतरली, लगेच कळेल. पंखा बंद केला तर अजून नीट ऐकू येईल, ठाण्याच्या उकाड्यात कुरकुर होईल तेवढी सोस.

श्वासाच्या जागा प्रत्येकाच्या वेगळ्या, त्या कागदावर लिहूनच दे.