वाचकांचे प्रश्न : जुनी लॅप स्टील गिटार ओळखायची कशी, मोल ठरवायचं कसं?

प्रश्न : जुन्या पेटीत सहा तारांची इलेक्ट्रिक लॅप स्टील मिळाली. अंगावर शिंपल्यासारखं चमकणारं प्लास्टिक आहे, डोक्यावरचं नाव अर्धं पुसलंय. कोणी, कधी बनवली हे कसं कळेल?

उत्तर : लॅप स्टील म्हणजे मांडीवर आडवी ठेवून, तारांवर धातूची कांडी सरकवून वाजवायची गिटार. आधी डोक्यावरच्या नावाचा नाद सोडा. लॅप स्टीलमध्ये सर्वांत कमी माहिती नावच देतं. अमेरिकेत १९३० ते १९६० च्या काळात एकाच कारखान्यातलं वाद्य तीन-चार नावांनी विकलं जाई. शिकागोची व्हॅल्को कंपनी नॅशनल आणि सुप्रो या स्वतःच्या नावांनी विकत असे, शिवाय ओआहूसाठी आणि मॉन्टगोमेरी वॉर्ड या विक्री कंपनीच्या 'एअरलाइन' नावाखालीही माल बनवी. क्लीव्हलंडच्या ओआहूचा मूळ धंदा हवाईयन गिटारचे धडे छापून विकण्याचा, वाद्यं ती दुसऱ्यांकडून बनवून घेई. म्हणून वाद्य उलटंपालटं करून पाहा.

मागच्या बाजूला, बहुधा डोक्याच्या मागे, खिळ्यांनी ठोकलेली नखाएवढी धातूची पट्टी आहे का? व्हॅल्कोचा क्रमांक तिथे असतो. पट्टी पडून गेली असेल तर खिळ्यांची दोन बारीक भोकं तरी दिसतील. क्रमांकाआधी रोमन 'एक्स' असेल तर वाद्य १९५० च्या दशकातलं. मग पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारा चुंबकाचा भाग, पाहा. तारा त्याच्या धातूच्या घराच्या आतून जात असतील तर व्हॅल्कोची शक्यता फार मोठी.

त्यानंतर लांबी मोजा. नटच्या (डोक्याजवळ तारा टेकतात ती आडवी पट्टी) पुढच्या काठापासून ब्रिजवर (अंगावरचा तारांचा टेकू) तार टेकते तिथपर्यंत सरळ पट्टी धरा. लॅप स्टीलच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या (फ्रेट) फक्त खुणेपुरत्या असतात, तार त्यांच्यावर दाबली जात नाही. त्यामुळे साध्या गिटारसारखी ब्रिज मागे सरकवण्याची गरज नसते आणि माप स्वच्छ मिळतं. साडेबावीस इंच म्हणजे ५७१ मिलिमीटर हे फार आढळणारं माप आहे. म्हणून एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका, पण २५ किंवा २६ इंच भरलं तर बरीच नावं आपोआप गळतात.

खात्रीचा पुरावा आत असतो. वरची पट्टी चार-सहा स्क्रूंनी बसवलेली असेल आणि स्क्रू सहज फिरत असतील, तर ती उचलून व्हॉल्यूम पॉटच्या (आवाजाच्या बटणाखालचा भाग) पाठीवर किंवा कडेवर ठोकलेले आकडे वाचा. पहिले तीन आकडे पॉट बनवणाऱ्याचे : १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ स्टॅकपोल, १३४ सेंट्रालॅब. शेवटचे दोन आकडे वर्षातला आठवडा आणि त्यांच्या आधीचे एक किंवा दोन आकडे वर्ष. समजा ३०४२२० असं लिहिलंय. स्टॅकपोल, वर्षाचा शेवटचा आकडा २, विसावा आठवडा. हे १९४२ की १९५२? १९४२ पासून युद्धामुळे अमेरिकेत वाद्यनिर्मितीवर कडक बंधनं आली होती, त्यामुळे कौल १९५२ कडे जातो. मात्र ही तारीख पॉटची आहे. वाद्य त्याआधीचं नाही एवढंच ती सांगते, आणि तेही सोल्डरिंगला नंतर कुणाचा हात लागला नसेल तरच. जुनं सोल्डर करडं, निस्तेज असतं. एकच सांधा आरशासारखा चमकत असेल तर तो भाग बदललेला समजा.

चमकणारं आवरण सेल्युलॉइडचं आहे. ॲसिटोन किंवा नेलपॉलिश काढायचं द्रव लावलंत तर ते विरघळेल. सोल्डरिंगची इस्त्री त्याच्याजवळ नेऊ नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं. किंचित ओलसर मऊ फडकं एवढंच पुरे. आवरण तपकिरी होऊन भेगाळलं असेल, आंबूस वास येत असेल आणि जवळचे स्क्रू गंजले असतील, तर ते कुजू लागलंय. त्यातून निघणारी आम्लाची वाफ बंद पेटीत कोंडली की बाकीचा धातूही खाते. असं वाद्य हवेशीर जागी उघडं ठेवा.

प्रश्न : तारांवर घोड्याच्या नालासारखे दोन लोहचुंबक आहेत. ही प्रसिद्ध 'फ्राइंग पॅन' असेल का?

उत्तर : 'फ्राइंग पॅन' अमेरिकेतल्या रिकनबॅकर कंपनीची, पण नालाचे चुंबक तिच्या इतरही वाद्यांवर आहेत. 'फ्राइंग पॅन' १९३२ मध्ये बाजारात आली. तिचं गोल अंग आणि मान ओतीव ॲल्युमिनियमची आहे. ए-२२ आणि ए-२५ या नावांतच साडेबावीस आणि पंचवीस इंचांची लांबी आहे. तापलं की ॲल्युमिनियम प्रसरण पावतं आणि सूर हलतो, म्हणून १९३५ पासून काळ्या बेकलाइटचं (जुन्या प्रकारचं कडक प्लास्टिक) मॉडेल बी आलं. तुमच्याकडे तेच असण्याची शक्यता जास्त, आणि वाजवणारे त्याच्या आवाजासाठी जीव टाकतात.

चुंबकाची रुंदी मोजा. दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर, असेल तर युद्धापूर्वीचं वाद्य. सव्वा इंच, ३२ मिलिमीटर, असेल तर नंतरचं. डोक्यावरच्या पट्टीवर कंपनीच्या नावात रोमन 'के'च्या जागी 'एच' असेल तर ती चूक नव्हे, जुनं स्पेलिंग तसंच होतं. पट्टीवर २०८९१७१ हा पेटंट क्रमांक असेल तर ती ऑगस्ट १९३७ च्या आधीची असू शकत नाही, कारण पेटंट तेव्हा मिळालं.

चुंबक कौतुकानेसुद्धा काढून पाहू नका. जोडी सुटली की त्यांची ताकद उतरते आणि आवाज बारीक होतो. काढावेच लागले तर दोन्ही टोकांना जोडणारा मऊ लोखंडाचा तुकडा लगेच लावायचा.

प्रश्न : आवाजच येत नाही. पिकअप बदलू का?

उत्तर : नको! पिकअप हाच या वाद्याचा जीव आहे. मल्टिमीटर ओमवर ठेवा, केबल जॅकमध्ये घाला, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला टोक व बाहेरचा भाग यांमध्ये मोजा. काही किलोओम आले तर पिकअपमधली तारेची गुंडाळी शाबूत आहे; दोष पॉटमध्ये, जॅकमध्ये किंवा केबलमध्ये. अडीचशे किंवा पाचशे किलोओमच्या आसपास आलं तर तुम्ही फक्त पॉट मोजताय, गुंडाळी तुटलेली आहे. शून्याजवळ आलं तर कुठेतरी शॉर्ट आहे.

गुंडाळीची तार केसाएवढी बारीक असते आणि बहुधा बाहेरच्या वायरला जोडलेल्या टोकाशीच गंजून तुटते. जाणकार कारागीर आधी तो सांधा तपासेल. गुंडाळी नव्याने करावीच लागली तर मूळ चुंबक, साचा आणि झाकण तेच ठेवायला सांगा. काही जुन्या वाद्यांना साध्या जॅकऐवजी आट्याचा माइक-कनेक्टर असतो. त्यासाठी अंगाला भोक पाडू नका, जोडणीची केबल बनवून मिळते.

सोबत मूळ ॲम्प्लिफायर असेल तर तो थेट भिंतीच्या प्लगला लावू नका. तो ११७ व्होल्टच्या आसपासच्या विजेसाठी बनलाय, त्यातले कपॅसिटर सुकलेले असतात आणि काही स्वस्त ॲम्पमध्ये मेन ट्रान्सफॉर्मरच नसल्याने धातूचा सांगाडा जिवंत असतो. शॉक प्राणघातक ठरू शकतो.

प्रश्न : किंमत किती धरावी?

उत्तर : मागितलेली किंमत पाहू नका, विकली गेलेली पाहा, बरीच वाद्यं फुगवलेल्या आकड्यावर वर्षानुवर्षं पडून असतात. विद्यार्थ्यांसाठीच्या सुप्रो, ओआहूसारख्या लॅप स्टील काहीशे डॉलरच्या. अस्सल 'फ्राइंग पॅन' काही हजारांची. ही वाद्यं त्या काळी ढिगांनी खपली, म्हणून नुसत्या जुनेपणाला भाव नाही. भाव आहे अस्पर्शपणाला. पुन्हा रंगवलेल्या वाद्याची किंमत ढोबळमानाने निम्मी होते. एक बटण बदललेलं असेल तर थोडी उतरते, पिकअप बदलला असेल तर कोसळते. मूळ पेटी आणि जोडीचा ॲम्प असेल तर चांगली भर पडते. बदललेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून वाद्यासोबतच द्या.

व्हॅल्कोचा पिकअप सुटा काढून विका, असा सल्ला तुम्हाला मिळेल. अमेरिकन गिटारवादक राय कूडरने तसा पिकअप आपल्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारमध्ये बसवल्यापासून त्याला मागणी आहे. अंग कुजून गेलं असेल तर ते समजू शकतं. वाजणारं वाद्य त्यासाठी फोडणं आम्हाला मान्य नाही. सुटं अंग मग कुणीच घेत नाही.

प्रश्न : लाकडी, पोकळ गिटारच्या तारा बोटभर उंच आहेत. ही लॅप स्टीलच का?

उत्तर : मानेची पाठ चौकोनी असेल तर हो. गोल असेल तर साध्या गिटारच्या नटवर उंची वाढवणारी धातूची टोपी बसवलेली असू शकते. तारा सैल केल्या की ती सरकून निघते. मान पोकळ असून अंगाची पोकळी डोक्याच्या दिशेने वर गेली असेल तर ती वाइसनबॉर्न पद्धतीची आहे. हर्मन वाइसनबॉर्नची लॉस एंजेलिसमधली मूळ वाद्यं १९२० च्या दशकातली, पण नव्या नकला पुष्कळ आहेत. आवाजाच्या भोकातून आरसा आणि छोटा दिवा घालून लेबल आणि आतल्या पट्ट्यांचं जुनं सरस पाहा, मगच भावाचं बोला.