अनुबियासचा गड्डा खडीत पुरायचा नसतो

तुम्ही लिहिलंय की माशांची टाकी एक फुटाची आहे, खिडकीपासून लांब आहे, आत चार गप्पी मासे आहेत. महिन्यापूर्वी लावलेल्या अनुबियास नाना पेटिटची, म्हणजे टाकीतल्या पाण्यात वाढणाऱ्या त्या छोट्या रोपाची, पानं देठासकट सुटून वर तरंगतायत, तर खत कमी पडतंय का?

खत राहू द्या. आधी टाकीत हात घालून गड्डा वर काढा. गड्डा म्हणजे मुळं आणि पानं जिथून फुटतात तो आडवा, जाड, हिरवा भाग. तो खडीत गाडला गेला असेल तर तुमचं उत्तर तिथंच आहे.

माझं पहिलं रोप असंच गेलं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरी सासूबाई कुंड्यांत आलं-हळद लावतात. तो गड्डा बघून त्यांनी सांगितलं, "दोन बोटं खोल घाल, फुटेल." मलाही ते पटलं, कारण हळकुंड काय, आलं काय, सगळं मातीतच वाढताना बघितलेलं. पण अनुबियास आफ्रिकेतली आहे. ती ओढ्याकाठी सावलीत दगड, ओंडके धरून सरपटत वाढते. तिचा गड्डा उघडा लागतो, मुळं खाली गेली तरी चालतात. आमचं रोप बाहेर काढलं तेव्हा गड्डा तपकिरी पडला होता. अंगठ्यानं दाबला तर पिकल्या केळ्यासारखा दबला, आणि वास असा की बादली लगेच बाहेर न्यावी लागली.

तुमचाही गड्डा दाबून बघा. जिथं मऊ लागेल तिथून पुढं, टणक हिरवा गर दिसेपर्यंत, नव्या ब्लेडनं कापून टाका. दोन-तीन पानं असलेला टणक तुकडा उरला तरी रोप जगतं. दुकानातल्या छोट्या कुंडीतून आणलं असेल तर मुळांभोवतीचा कापूसही सगळा काढा, गड्डा बऱ्याचदा त्यातच दडलेला असतो.

मग तो दगडाला बांधा. आपल्याकडचा काळा दगड उत्तम, तो पाण्याचा कठीणपणा वाढवत नाही. पांढऱ्या दगडावर आधी लिंबू पिळून बघा, फेस आला तर तो टाकीत नको. बांधायला मी तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा, वापरते, कारण सुती दोरा कधीकधी मुळं धरायच्या आधीच कुजतो. फेविक्विकचा एक थेंबही चालतो, पाण्यात तो लगेच घट्ट होतो आणि माशांना काही होत नाही. मुळं दगड धरायला दीड-दोन महिने घेतात, तोवर हलवाहलव नको.

उजेडाचं म्हणाल तर खिडकी लांब आहे हे चांगलंच आहे. अनुबियास हे नाव 1857 मध्ये शॉट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञानं इजिप्तच्या अनुबिस या मृतांच्या काळोख्या जगातल्या देवावरून ठेवलं, ते ही झाडं दाट सावलीत वाढतात म्हणून. साधा छोटा एलईडी दिवसाला सहा-सात तास पुरे. याहून जास्त दिलात तर पानांवर काळं शेवाळ धरतं. पान वर्षभर टिकतं, नवीन यायला तीन-चार आठवडे लागतात, त्यामुळे शेवाळ धरलं की ते बसूनच राहतं. फार धरलेलं पान देठाच्या बुडातून कापलेलं बरं.

खतापेक्षा पाण्याकडे बघा. नळाचं पाणी आदल्या रात्री बादलीत भरून ठेवायचं आणि आठवड्याला टाकीतलं पाव हिस्सा पाणी बदलायचं. गप्पी पान कुरतडत नाहीत. अनुबियास अळूच्याच कुळातली, तिची पानं चिवट असतात.

नवीन लावल्यावर एक-दोन जुनी पानं पिवळी पडतील, त्याला घाबरू नका. गड्डा टणक आहे ना एवढंच आठवड्यानं बोटानं चाचपा. टोकाला पोपटी, गुंडाळलेलं पान दिसलं की रोप लागलं. आज गड्डा काढलात तर त्याचा फोटो इथं टाका, कुठून कापायचं ते बघून सांगते.