अंधाऱ्या कथांची ओढ

प्रश्न : रात्री एक-दीड वाजेपर्यंत खुनाच्या कादंबऱ्या वाचते. घरचे म्हणतात, ‘हे असलं काळंबेरं कशाला?’ यात खरंच काही गैर आहे का? आणि पुस्तक खाली ठेववत नाही, त्याचं काय करू? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : गैर काही नाही. वाचताना छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो. पण दाराला कडी घातलेली आहे, हेही मनाला ठाऊक असतं. शिवाय बातमी ‘पुढील तपास सुरू आहे’ इथे थांबते. कादंबरी त्या माणसाच्या घरात, त्याच्या कर्जात, त्याने गिळलेल्या अपमानात घेऊन जाते. खरी ओढ त्याची असते. नुसत्या रक्ताची पुस्तकं दुसऱ्यांदा उघडावीशी वाटत नाहीत.

झोपायचं असेल तर प्रकरण संपवून थांबू नका. शेवट मुद्दाम अर्धवट सोडलेला असतो. पुढच्या प्रकरणाची दोन-तीन पानं वाचा, पेच जरा सैल झाला की तिथे खूण घाला.

प्रश्न : वाड्यात घडणारी रहस्यकथा लिहितोय. पहिल्या पानावर प्रेत, शेवटच्या पानावर खुनी. मित्र म्हणतात, कोडं छान आहे, पण धाकधूक होत नाही. (सदाशिव पेठ)

उत्तर : कारण वाचकाला पात्रांपेक्षा जास्त काहीच माहीत नाही. समजा, दोघं नदीपात्रातल्या रस्त्यावर गाडी लावून बोलत बसलेत आणि एकदम लोंढा आला. वाचक एकदा दचकतो, संपलं. त्याऐवजी दोन पानं आधी खडकवासला धरणातून विसर्ग वाढवल्याचं सांगा. पाणी शहरात पोचायला वेळ लागतो, आणि भिडे पूल पाण्याखाली जाणार हे पुणेकराला वेगळं सांगावं लागत नाही. मग ‘थांब रे, अजून एक चहा घेऊ’ हे वाक्यसुद्धा अंगावर येतं. वाड्यातही तेच करा : खुनी कोण ते लपवा, पण पुढचा बळी कोण ते वाचकाला आधी कळू द्या.

खुनी पहिल्या पाव भागात दिसलाच पाहिजे, नाहीतर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. खुन्याकडे नेणारा दुवा परिच्छेदाच्या शेवटी ठेवू नका, तिथे तो डोळ्यांत भरतो. ‘कोनाड्यात समई, अडकित्ता, औषधाची बाटली, पंचांग’ अशा ओळीत बाटली निसटून जाते, आणि नंतर आठवतेही.

प्रश्न : प्रेताचं, पोलिसांचं वर्णन किती करावं? (हडपसर)

उत्तर : थोडं, पण अचूक. सर्वाधिक चुका मृत्यूच्या वेळेत होतात. ताठरपणा पापण्या-जबड्यापासून जाणवू लागतो; उन्हाळ्यात लवकर येतो, लवकर ओसरतो. म्हणून डॉक्टर ‘अकरा वाजून वीस मिनिटं’ असं सांगत नाहीत, काही तासांचा अंदाज देतात. रक्त खालच्या बाजूला साकळून जांभळट डाग पडतात आणि साधारण आठ-दहा तासांत पक्के होतात. प्रेत पालथं आणि डाग पाठीवर, म्हणजे कुणीतरी ते नंतर उलटवलंय. ही एक ओळ पानभर रक्तापेक्षा जास्त काम करते.

खुनाचं कलम १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्याला ३०२, त्यानंतरच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेचं १०३. आणि चौकीत दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा ठरत नाही. तेव्हा शेवटच्या पानावर आरोपीला नुसतं रडवू नका. त्याने सांगितलेल्या जागेवरून, पंचांसमोर, हत्यार बाहेर निघू द्या.