अ‍ॅथलेटिक्सच्या जागतिक स्पर्धेतले प्रेक्षक खरंच जास्त दिलदार असतात का?

तुम्ही विचारलंय की, २०२५ च्या टोकियोतल्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत प्रेक्षक परक्या देशांच्या खेळाडूंसाठीही टाळ्या पिटत होते, मग याच खेळाच्या प्रेक्षकांनी २०१७ मध्ये लंडनला अमेरिकेचा धावपटू जस्टिन गॅटलिनची हुर्यो का उडवली?

दिलदार असतात, पण निम्मं श्रेय मी खेळाच्या रचनेला देईन. इथे दोन संघ समोरासमोर नसतात, त्यामुळे स्टँडचेही दोन तट पडत नाहीत. ट्रॅकवर शर्यत चालू असताना एका कोपऱ्यात थाळीफेक असते, दुसरीकडे उंच उडी. आपला माणूस हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीतच, गारद झाला तरी संध्याकाळ फुकट जात नाही. नजर दुसरीकडे वळते आणि तासाभरात कुणा अनोळखी मुलीच्या तिसऱ्या प्रयत्नासाठी आपण देव पाण्यात घालून बसलेलो असतो.

शिवाय प्रेक्षकांना इथे काम असतं. लांब उडीवाला धावपट्टीच्या टोकाला उभा राहून दोन्ही हात डोक्यावर नेतो आणि टाळी वाजवतो. स्टँड ठेका धरतो, त्याची पावलं वेग घेतात तसा ठेकाही चढत जातो. स्प्रिंटच्या स्टार्टला मात्र तेच लोक चिडीचूप. २०११ मध्ये दक्षिण कोरियातल्या देगूला, जागतिक स्पर्धेच्या शंभर मीटर फायनलमध्ये, अशाच शांततेत जमैकाचा उसेन बोल्ट बंदुकीआधी सुटला. एका फॉल्स स्टार्टला थेट बाद, हा नियम आदल्या वर्षीपासूनचा. त्याने जर्सी अंगातून ओढून काढली, आणि लोक ज्याला बघायला आले होते तोच शर्यतीआधी बाहेर गेला.

टोकियोचं म्हणाल, तर तिथे एक जुनी उधारी होती. कोविडमुळे २०२१ चं ऑलिंपिक याच राष्ट्रीय स्टेडियममध्ये रिकाम्या खुर्च्यांसमोर झालं. आर्मांड डुप्लांटिसने तेव्हा पोल व्हॉल्टचं सुवर्ण ६.०२ मीटरवर घेतलं, पुढे ६.१९ चा विश्वविक्रमही करून पाहिला, पण तो हुकला. २०२५ मध्ये तोच माणूस, तेच स्टेडियम, फक्त स्टँड भरलेले. सुवर्ण कधीच नक्की झालं होतं, तरी लोक जागचे हलले नाहीत. ६.३० चे दोन प्रयत्न फसले. तिसऱ्या वेळी आडवी दांडी थरथरली, पण पडली नाही. हा त्याचा चौदावा विश्वविक्रम. मी रेकॉर्डिंग पाहतो तेव्हा मला उडीइतकीच ती दांडी स्थिर होईपर्यंतची स्टँडची अवस्था बघावीशी वाटते. स्वीडनचा खेळाडू आणि जपानचे प्रेक्षक, पण त्या क्षणी हे कुणाच्या डोक्यातही नसावं.

आता लंडन. बोल्टची ती शेवटची वैयक्तिक शंभर मीटर. सगळ्यांचे डोळे मधल्या लेनवर आणि गॅटलिन आठव्या लेनमधून पुढे निघाला. गॅटलिन ९.९२, कोलमन ९.९४, बोल्ट ९.९५. फलकावर नाव आलं, गॅटलिनने ओठांवर बोट ठेवलं, मग बोल्टसमोर गुडघा टेकला. हुर्यो त्याआधीच्या फेऱ्यांपासूनच चालू होती; जिंकल्यावरही थांबली नाही आणि जयघोष झाला तो तिसऱ्या आलेल्या बोल्टचा. कारण उघड होतं: उत्तेजकांच्या प्रकरणी गॅटलिनवर दोनदा बंदी आली होती, २००१ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये. पहिल्या वेळचा पदार्थ लहानपणापासून चालू असलेल्या औषधातला होता. पण ते हुर्यो उडवणाऱ्याच्या कानापर्यंत कुठून पोचणार?

हा राग मला समजतो. ज्या खेळात आकडाच सर्वस्व आहे, तिथे आकड्यावरचा विश्वास गेला की बघण्यासारखं फार उरत नाही. पण न्याय म्हणून ही हुर्यो मला पटत नाही. त्याच शर्यतीत ९.९९ ने चौथा आलेला योहान ब्लेकही २००९ मध्ये तीन महिन्यांची बंदी भोगून आला होता. त्याच्या वाट्याला असं काही आलं नाही. लोकांना बोल्टच्या निरोपाला एक खलनायक हवा होता आणि गॅटलिन आयता सापडला, असं माझं मत आहे. नियमाने परत घेतलेल्या धावपटूला शिक्षा द्यायची, तर आधी नियम करणाऱ्यांना जाब विचारायला हवा.

तरीही हुर्यो परवडली. २०१९ मध्ये दोह्यात शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइस शंभर मीटरचं चौथं जागतिक सुवर्ण जिंकून छोट्या मुलाला कडेवर घेऊन निघाली, तेव्हा टाळ्या द्यायलाही स्टँडमध्ये पुरेशी माणसं नव्हती.

आणि दिलदारीचा हा सगळा हिशोब स्टेडियमपुरता. फोनवरचा चाहता निकालच तेवढा बघतो. टोकियोतच भालाफेकीच्या फायनलमध्ये नीरज चोप्रा ८४.०३ मीटरवर आठवा आला आणि 'संपला', 'जाहिरातीच करत बस' सुरू झालं. पाठीचं दुखणं घेऊन तो उतरला होता, हे नंतर कळलं. त्याच फायनलमध्ये भारताचाच सचिन यादव पहिल्याच जागतिक स्पर्धेत, पहिल्याच थ्रोला ८६.२७ टाकून चौथा आला होता, कांस्यपदकापासून अवघ्या ४० सेंटिमीटरवर. नीरजवर तुटून पडलेल्यांपैकी किती जणांनी तो थ्रो पाहिला होता, देव जाणे.