वाचकांचे प्रश्न: फ्रॅकिंग, भूकंप आणि बोअरचं पाणी

प्रश्न: माझा भाऊ अमेरिकेत ओक्लाहोमात असतो. फ्रॅकिंगमुळे तिथे भूकंप वाढले, असं तो म्हणतो. फ्रॅकिंगचा संबंध नाही, असंही वाचलं. खरं काय? (एक वाचक, सातारा)

उत्तर: दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे. फ्रॅकिंग म्हणजे खोल खडकात भेगा पाडून त्यातलं तेल किंवा वायू मोकळा करणं; तेलविहिरीच्या आयुष्यातलं हे काही दिवसांचं काम. दोन-तीन किलोमीटर खोल नेलेली विहीर तेलाच्या थरात आडवी वळवतात, तिथल्या पोलादी केसिंगला (विहिरीत बसवलेल्या नळीला) छोट्या स्फोटांनी भोकं पाडतात आणि टप्प्याटप्प्यानं पाणी, वाळू व थोडी रसायनं कित्येकशे बार दाबानं आत रेटतात. (मोटारीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असतो.) खडकाला बारीक भेगा पडतात, वाळू त्या मिटू देत नाही. यातले बहुतेक हादरे माणसाला जाणवतही नाहीत. इंग्लंडमधलं लँकेशायर हा एक अपवाद: तिथे ऑगस्ट २०१९ मध्ये फ्रॅकिंगनंच २.९ चा धक्का बसला आणि नोव्हेंबरात सरकारनं काम थांबवलं.

ओक्लाहोमाचं दुखणं वेगळं. तिथे तेलाबरोबर प्राचीन समुद्राचं खारं पाणी येतं, काही विहिरींत तेलाच्या दहापट. ते शेतात किंवा नदीत सोडणं शक्य नाही, म्हणून वेगळ्या विहिरींतून आर्बकल या खोल थरात जिरवतात. त्याच्या खाली लगेच जुना कठीण खडक आणि त्यातले भ्रंश, म्हणजे ज्यांच्या दोन्ही बाजू एकमेकींवरून सरकू शकतात अशा मोठ्या भेगा. पाण्याचा दाब तिथवर पोचला की भ्रंशाची पकड सैल होते आणि आधीच ताणलेला भ्रंश सरकतो. २००९ पूर्वी ३ किंवा त्याहून मोठे धक्के वर्षाला एक-दोन असत. २०१५ मध्ये सुमारे ९०० झाले. ३ सप्टेंबर २०१६ ला पॉनीजवळ ५.८ चा भूकंप झाला. जिरवण्याचं पाणी कमी केल्यावर धक्केही घटले. या पाण्यात फ्रॅकिंगचं पाणी दहा टक्क्यांहूनही कमी असतं. त्यामुळे फ्रॅकिंग बंद करून पाणी जिरवणं चालू ठेवलं, तर फारसा फरक पडणार नाही. साताऱ्याला ही यंत्रणा परकी नाही. कोयनेच्या जलाशयाचं पाणी आणि १९६७ च्या भूकंपाचा संबंध याच दाबाशी जोडतात.

प्रश्न: रसायनं आसपासच्या बोअरमध्ये उतरतात का?

उत्तर: भेगांतून सरळ वर, सहसा नाही, मध्ये बहुधा किलोमीटरभर खडक असतो. धोका केसिंग आणि खडक यांच्यामधल्या सिमेंटमध्ये. केसिंग विहिरीत मधोमध बसलं नाही, ड्रिलिंगचा चिखल नीट धुतला गेला नाही किंवा सिमेंट घट्ट होताना त्यात वायू शिरला, तर वाट राहते आणि त्या वाटेनं मिथेन वर येतो. दुसरा धोका जमिनीवरचा: फुटलेली टाकी, गळका पाइप. अशा विहिरीशेजारी बोअर असणाऱ्यानं ड्रिलिंगच्या आधीच बोअरच्या पाण्यातल्या मिथेन, क्लोराइड, ब्रोमाइड आणि बेरियमची तपासणी करून अहवाल जपावा. नंतर नमुना घेतला तर ‘हे आधीपासूनच होतं’ या उत्तरापुढे हात टेकावे लागतात.

प्रश्न: फ्रॅकिंगला नदीची वाळू का चालत नाही?

उत्तर: तिचे दाणे कोनदार, मिश्र खनिजांचे. दाबाखाली ते फुटतात आणि भुकटीनं भेग बुजते. गोल, जवळपास शुद्ध क्वार्ट्‌झचे, साधारण ०.२ ते ०.४ मिलिमीटरचे दाणे लागतात. दाब फारच असेल तिथे सिरॅमिकचे दाणे वापरतात, पण ते महाग.